स्टेप फाइलपासून लाइन नंबरपर्यंत: साध्या कॅड मॉडेलमधून पाइपिंगचा डेटा मिळवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी-चाकणच्या एखाद्या फॅब्रिकेटरने सॉलिडवर्क्समध्ये पंप स्किडचं (एकाच चौकटीवर पंप, पाइप, व्हॉल्व्ह बसवलेल्या तयार युनिटचं) मॉडेल केलेलं असतं. ते स्टेप फाइल होऊन पुण्या-मुंबईच्या डिझाइन ऑफिसात येतं. तिथे बाकीच्या प्लांटचं काम ऑटोकॅड प्लांट थ्रीडी, अवेवा ईथ्रीडी किंवा स्मार्ट थ्रीडीत चालू असतं. फाइल उघडते, पाइप, व्हॉल्व्ह, फ्लँज सगळं दिसतं, पण त्यातून एक आयसोमेट्रिक (लाइन बांधण्यासाठी लागणारं तिरक्या कोनातलं ड्रॉइंग) निघत नाही की मटेरियलची यादी निघत नाही. या टप्प्यावर पाइपिंग डिझायनर, कॅड सांभाळणारी मंडळी आणि स्किड बनवणाऱ्या कारखान्यातले ड्राफ्ट्समन जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

## पाइप डोळ्यांना दिसतोय, मग सॉफ्टवेअरला तो पाइप का वाटत नाही?

कारण फाइलमध्ये आहे तो फक्त सिलिंडर. स्टेप म्हणजे आयएसओ १०३०३ या मानकानुसार लिहिलेली फाइल. यांत्रिक कॅडमधून नेहमीच्या पद्धतीने ती काढली, तर तिच्यात पृष्ठभाग, कडा, बिंदू आणि फार तर भागांची नावं येतात. १६८.३ मिमी व्यासाचा, अमुक लांबीचा सिलिंडर, एवढंच तिला ठाऊक असतं.

प्लांटच्या सॉफ्टवेअरमधला पाइप म्हणजे डेटाबेसमधली एक नोंद असते: ६ इंची (हे नाममात्र माप, बाहेरून १६८.३ मिमी), शेड्यूल ४० (भिंतीच्या जाडीचा वर्ग), ए१०६ ग्रेड बी (मटेरियल), ठरावीक स्पेकमधला (त्या लाइनला कुठले पाइप-फिटिंग चालतात याचा नियमसंच), ठरावीक लाइन नंबरचा, दोन्ही टोकांना पोर्ट (जोडणीचा बिंदू) असलेला. एका पोर्टला कुठला एल्बो जोडलाय हे त्याला माहीत असतं, म्हणून एल्बो सरकवला की पाइपची लांबी आपोआप बदलते. आयसोमेट्रिक, मटेरियल टेकऑफ, स्ट्रेस ॲनालिसिस हे सगळं या जोडणीवर आणि या नोंदींवर चालतं. चित्राचा भाग त्यात सगळ्यात कमी महत्त्वाचा.

## नुसत्या आकारातून काय काय ओळखता येतं?

बरंच. पाइपिंगमधल्या बहुतेक वस्तू ठरावीक मापांच्या असल्यामुळे हे शक्य होतं. ९० अंशाचा एल्बो कॅडमध्ये टोरसचा चतुर्थांश असतो. त्याची मोठी त्रिज्या २२८.६ मिमी आणि छोटी ८४.१५ मिमी निघाली, तर तो ६ इंची लाँग रेडियस एल्बो. छोटी त्रिज्या तीच पण मोठी १५२.४ आली, तर शॉर्ट रेडियस. एएसएमई बी१६.९ मध्ये ही मापं बांधून दिलेली आहेत. ६ बाय ४ इंची रिड्यूसरची लांबी १४० मिमी आणि ६ इंची इक्वल टीचं मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर १४३ मिमी, हेही तिथलंच.

फ्लँज तर जास्तच बोलका असतो. ६ इंची फ्लँजला बोल्टची ८ भोकं असतील तर क्लास (दाबाचा वर्ग) १५०, १२ असतील तर क्लास ३००. बाहेरचा व्यासही अनुक्रमे २८० आणि ३२० मिमीच्या आसपास. पण ४ इंचीला दोन्ही क्लासमध्ये ८ भोकंच असतात. तिथे बोल्ट सर्कल (भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) बघायचं: १५० ला १९०.५ मिमी, ३०० ला २०० मिमी. म्हणजे नुसती भोकं मोजणारा नियम ६ इंचीला चालतो आणि ४ इंचीला निरुपयोगी ठरतो. ओळखीचे नियम लिहिताना एकाच मापावर कधी विसंबू नये ते यामुळेच.

## आणि काय कधीच ओळखता येत नाही?

सगळ्यात आधी भिंतीची जाडी. शेड्यूल बदललं तरी बाहेरचा व्यास बदलत नाही. ६ इंची शेड्यूल ४० ची जाडी ७.११ मिमी आणि शेड्यूल ८० ची १०.९७ मिमी, पण बाहेरून दोन्ही १६८.३. फाइल हलकी राहावी म्हणून अनेक वेंडर पाइप आतून भरीवच काढतात. मग जाडी शोधायला जागाच उरत नाही. याचा परिणाम लहान नसतो: शेड्यूल ४० चा पाइप मीटरला २८.२६ किलो भरतो, शेड्यूल ८० चा ४२.५६ किलो. सपोर्ट, स्ट्रेस आणि खरेदी तिन्ही बदलतात.

मटेरियल, डिझाइन प्रेशर, तापमान, आतून काय वाहतं, गॅस्केटचा प्रकार, वेल्डच्या रेडिओग्राफीचं प्रमाण यांपैकी काहीही आकारात नसतं. लाइन स्टीमची असून आयबीआरखाली (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सखाली) येते का, हा तर भारतातल्या कामात फार मोलाचा प्रश्न. त्यावर मटेरियलची सर्टिफिकेटं, ड्रॉइंगची मंजुरी, तपासणी सगळं अवलंबून असतं. कंडेन्सेटची ४ इंची लाइन आणि आयबीआर स्टीमची ४ इंची लाइन स्टेप फाइलमध्ये जुळ्या दिसतात.

## आपोआप ओळखणारं सॉफ्टवेअर कुठे फसतं?

मापांचे योगायोग होतात तिथे. हे योगायोग वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत, आणि पाइपिंगवाल्यांनी ते पाठ करून ठेवावेत असं मला मनापासून वाटतं.

३ इंची पाइपचा बाहेरचा व्यास ८८.९ मिमी. त्यावर ४० मिमी इन्सुलेशन चढवलं की होतात १६८.९ मिमी, म्हणजे ६ इंची पाइपपेक्षा जेमतेम ०.६ मिमी जास्त. वेंडरने इन्सुलेशन सॉलिड म्हणून काढलं असेल आणि आतला पाइप झाकला गेला असेल, तर सॉफ्टवेअर बिनदिक्कत ६ इंची पाइप लिहून मोकळं होतं. ६ इंचीवर ५० मिमी इन्सुलेशन म्हणजे २६८.३. हे १० इंचीच्या २७३ च्या जवळ जातं. टॉलरन्स (चालवून घेतलेली तफावत) ५ मिमी ठेवलात तर हीही चूक आत शिरते.

प्लॅटफॉर्मचं रेलिंग बऱ्याचदा ४० नॉमिनल बोअरच्या (एनबी, म्हणजे नाममात्र मापाच्या) पाइपचं असतं, व्यास ४८.३ मिमी. दीड इंची प्रोसेस पाइपचाही तोच. नियम न लावता कन्व्हर्जन चालवलं की जिन्याचं रेलिंग मटेरियलच्या यादीत येऊन बसतं. स्ट्रक्चरचे भाग आधी बाजूला काढणं म्हणून आवश्यक.

आपल्याकडच्या पाण्याच्या लाइनींचा वेगळाच घोटाळा. आयएस १२३९ या भारतीय मानकाप्रमाणे १५० एनबी पाइपचा व्यास १६५.१ मिमी आहे, एएसएमईप्रमाणे ६ इंचीचा १६८.३. दोन्हीला बोलीत ‘सहा इंची’च म्हणतात. १६५.१ च्या सिलिंडरला सॉफ्टवेअरने जवळचं माप म्हणून १६८.३ वर नेलं, तर त्या लाइनवरची फिटिंग चुकीच्या मानकाची येतात. डेअरी आणि फार्माच्या कामात आणखी एक: दोन इंची हायजिनिक ट्यूब म्हणजे खरोखरच बाहेरून ५०.८ मिमी, तर दोन इंची पाइप ६०.३ मिमी.

व्हॉल्व्हच्या बाबतीत एएसएमई बी१६.१० मधलं फेस-टू-फेस (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं) अंतर बघतात. पण क्लास ३०० च्या ६ इंची गेट व्हॉल्व्हचं अंतर ४०३ मिमी आणि क्लास १५० च्या ६ इंची ग्लोब व्हॉल्व्हचं ४०६ मिमी. बॉडी साधी ठोकळ्यासारखी काढलेली असली तर तीन मिमीच्या फरकावर व्हॉल्व्हचा प्रकार ठरवणं धोक्याचं. इथे शेजारच्या फ्लँजची भोकं मोजली की क्लास कळतो आणि गुंता सुटतो.

## मॉडेल कुठल्या फॉरमॅटमध्ये मागवावं?

निवड असेल तर नेटिव्ह फाइल किंवा असेंब्लीचं झाड शाबूत असलेली स्टेप फाइल. भागांची नावं हा त्यातला सगळ्यात मोठा ठेवा असतो. ‘एल्बो ९० एलआर ६ शेड्यूल ४०’ असं नाव फाइलमध्ये टिकलं असेल तर निम्मं काम झालं. पण आपली रचना उघड होऊ नये म्हणून वेंडर अनेकदा पूर्ण स्किड एकच भाग करून पाठवतात, आणि नावं पुसली जातात. त्यांची काळजी रास्त आहे. पंपाच्या आतले भाग काढून टाका, पण पाइपिंगच्या भागांची नावं ठेवा, एवढी विनंती केली की बहुतेक जण ऐकतात.

अवेवाच्या जगातून येणारी आरव्हीएम फाइल बरी, कारण तिच्यात सिलिंडर, टोरस, डिश असे मूळ आकार आकार म्हणूनच साठवलेले असतात. तिच्याबरोबरची ॲट्रिब्यूट फाइल मागायला विसरू नका. सगळी नावं आणि स्पेक तिच्यात असतात.

आयएफसी बिल्डिंगच्या कामात येते. तिच्यात पाइपचा तुकडा, फिटिंग आणि पोर्ट यांच्यासाठी खास वर्ग आहेत, पण पाठवणाऱ्याने ते वापरले असतील तरच. सगळं काही ‘बिल्डिंग एलिमेंट प्रॉक्सी’ म्हणून आलं असेल तर हातात पुन्हा नुसता आकार.

एसटीएल शक्यतो घेऊच नये. तिथे एल्बो म्हणजे त्रिकोणांचा ढीग असतो. त्यातून त्रिज्या काढायची तर आकार बसवून अंदाज घ्यावा लागतो.

## स्टेपमधल्या एपी २०३, २१४, २४२ ने फरक पडतो का?

थोडा. एपी म्हणजे स्टेप मानकाचा उपप्रकार (ॲप्लिकेशन प्रोटोकॉल). जुन्या एपी २०३ मध्ये रंग येत नाहीत. एपी २१४ मध्ये रंग आणि लेयर येतात. २०१४ साली आलेल्या एपी २४२ ने दोन्हींचं काम एकत्र केलं. फॅब्रिकेटर बऱ्याचदा पाणी, हवा, स्टीम वेगवेगळ्या रंगांत दाखवतात. तो रंग टिकला तर लाइन वेगळ्या करायला फार मदत होते. म्हणून २१४ किंवा २४२ मागा.

## फाइल आल्यावर पहिलं काम कोणतं?

एकक, दिशा आणि उगमबिंदू. मिमीमधली फाइल इंच समजून वाचली गेली तर सगळं २५.४ पट मोठं होतं. ते लगेच दिसतं, म्हणून त्याचा धोका कमी. दिशेचा प्रश्न जास्त त्रास देतो: सॉलिडवर्क्समध्ये सहसा वाय अक्ष वर असतो, प्लांटच्या सॉफ्टवेअरमध्ये झेड. स्किड आडवं पडलं तर कळतं, पण उभं राहून १८० अंशांनी फिरलेलं असेल तर सममितीच्या स्किडमध्ये सक्शन-डिस्चार्ज उलटे आहेत हे नोझल (उपकरणाची पाइप जोडायची तोंडं) बघेपर्यंत लक्षात येत नाही. त्यामुळे किमान तीन ओळखीचे बिंदू, म्हणजे दोन नोझल आणि एक फाउंडेशन बोल्ट, जनरल अरेंजमेंट ड्रॉइंगशी पडताळल्याशिवाय पुढे जाऊ नये. प्लांट नॉर्थ (प्लांटची ठरवलेली उत्तर दिशा) आणि एलेव्हेशनचा डेटम (उंची मोजायची संदर्भ पातळी) त्याच वेळी ठरवून लिहून ठेवावा.

मग एकावर एक बसलेले दुहेरी सॉलिड, नट-बोल्ट, नेमप्लेट, स्ट्रक्चर वेगळं काढायचं.

## सुट्या आकारांची एक लाइन कशी बनते?

प्रत्येक आकाराच्या टोकांना बिंदू आणि दिशा देऊन. सिलिंडरला दोन, टीला तीन. मग ज्या दोन टोकांचे बिंदू जवळ आहेत, अक्ष एका रेषेत आहेत आणि व्यास जुळतो, ती जोडायची. एका नोझलपासून निघून दुसऱ्या नोझलपर्यंत अशी साखळी मिळाली की ती एक मार्ग.

‘जवळ’ म्हणजे किती, यावर सगळी कुस्ती असते. काही मॉडेलमध्ये वेल्डसाठी दोन-तीन मिमी रूट गॅप सोडलेली असते, काहींमध्ये नसते. फ्लँजच्या मध्ये गॅस्केटचे तीन-एक मिमी कधी असतात, कधी दोन फ्लँज एकमेकांना टेकलेले. शिवाय बी१६.९ च्या मिमी तक्त्यात ६ इंची एल्बोचं माप २२९ असं पूर्णांकात दिलेलं आहे, आणि वेंडरने इंचावरून २२८.६ काढलेलं असतं. तुमच्या कॅटलॉगमधला एल्बो तिथे बसवला की प्रत्येक टोकाला ०.४ मिमीची तफावत पडते आणि कडक टॉलरन्सवर पोर्ट तुटलेले दिसतात. टॉलरन्स फार सैल ठेवला तर उलटा त्रास: एकमेकांसमोर थांबलेली ड्रेनची दोन टोकं जोडली जातात. मी वेल्ड आणि फ्लँज यांना वेगवेगळा टॉलरन्स ठेवण्याच्या बाजूचा आहे. एकच आकडा सगळीकडे लावणं सोपं, पण नंतर निस्तरायला जास्त वेळ जातो.

ब्रँचकडेही लक्ष हवं. यांत्रिक कॅडमध्ये पाइपला पाइप भिडवून दोन्ही एकजीव केले की ब्रँच तयार. तिथे खरंतर वेल्डोलेट (ब्रँचसाठीचं वेल्ड करायचं फिटिंग) आहे, रीइन्फोर्समेंट पॅड (मजबुतीची पट्टी) आहे की साधा स्टब-इन (थेट वेल्ड केलेला पाइप), हे स्पेकमधला ब्रँच तक्ता सांगतो. तो तक्ता उघडून ठेवल्याशिवाय ब्रँच कन्व्हर्ट करू नका.

## पीसीएफचा इथे काय उपयोग?

पीसीएफ म्हणजे पाइपिंग कंपोनंट फाइल. आयसोजेन या आयसोमेट्रिक काढणाऱ्या प्रणालीमुळे रूढ झालेला हा साधा टेक्स्ट फॉरमॅट आहे. त्यात प्रत्येक भागाचे टोकांचे बिंदू, मध्यबिंदू, बोअर, आयटम कोड आणि चिन्हाचा कोड ओळीने लिहिलेले असतात. ओळखलेल्या लाइनी पीसीएफमध्ये लिहिल्या की अनेक प्लांट प्रणाली त्या वाचून खरे पाइप उभे करू शकतात. प्लांट थ्रीडीत त्यासाठी ‘पीसीएफ टू पाइप’ची सोय आहे.

मला हा मधला टप्पा आवडतो, कारण फाइल नोटपॅडमध्ये उघडून माणसाला वाचता येते. चूक कन्व्हर्जनमध्ये आहे की आयात करताना झाली, हे वेगळं करता येतं. आयातीआधी त्या प्रोजेक्टचा स्पेक तयार असावा आणि प्रत्येक माप त्यात असावं, नाहीतर न जुळणारे भाग अडकतात.

## लाइन नंबर, स्पेक, सर्व्हिस हे कुठून आणायचं?

पी अँड आयडी (प्लांटमधली उपकरणं, पाइप आणि उपकरणांची जोडणी दाखवणारा आराखडा) आणि लाइन लिस्टमधून (सगळ्या लाइनींची यादी). दुसरा मार्ग नाही. मॉडेलमधला मार्ग कुठल्या नोझलपासून कुठल्या नोझलपर्यंत जातो हे कळलं की तीच जोडी पी अँड आयडीवर शोधायची. पंपाच्या डिस्चार्जपासून एक्स्चेंजरच्या इनलेटपर्यंत एकच लाइन असेल, तर तिचा नंबर मिळाला. लाइन लिस्टमधून तिचा स्पेक, डिझाइन प्रेशर, तापमान, इन्सुलेशन मिळतं. त्या स्पेकमधून शेड्यूल आणि मटेरियल मिळतं. आकारातून न कळलेलं जवळपास सगळं या साखळीने भरून निघतं.

याच टप्प्यावर मागच्या चुकाही सापडतात. लाइन लिस्ट ३ इंची म्हणते आणि मॉडेल ६ इंची, तर इन्सुलेशन पाइप म्हणून वाचलं गेलं असण्याची शक्यता दाट. स्पेक ब्रेक (जिथे एक स्पेक संपून दुसरा सुरू होतो ती जागा) कुठे आहे हे मात्र नीट बघावं. तो बहुधा व्हॉल्व्हवर किंवा फ्लँजवर असतो, आणि एकाच सलग मार्गाचे दोन स्पेक होतात. कन्व्हर्जनवाले इथे पूर्ण मार्गाला एकच स्पेक देऊन पुढे जातात, आणि उच्च दाबाच्या बाजूला कमी क्लासचा फ्लँज यादीत जातो.

## माहिती मिळाली नाही तर तात्पुरती डिफॉल्ट व्हॅल्यू भरावी का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. रिकामा रकाना बघून पुढचा माणूस प्रश्न विचारतो. ‘शेड्यूल ४०’ असं भरलेलं बघून तो विचारत नाही, ऑर्डर देतो. डेटाबेसमध्ये गेल्यावर अंदाज आणि खात्रीची माहिती एकाच अक्षरात दिसतात.

प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीशेजारी ‘स्रोत’ नावाचा आणखी एक रकाना ठेवा: मॉडेलवरून, पी अँड आयडीवरून, वेंडर ड्रॉइंगवरून की अजून बाकी. ‘बाकी’ असलेल्या लाइनींचं आयसोमेट्रिक फॅब्रिकेशनला जाऊ नये, असा नियम प्रोजेक्टच्या सुरुवातीलाच घालून घ्यावा. वेळेच्या घाईत तो पाळणं अवघड जातं हे खरं आहे, तरी आग्रह सोडू नये.

## आलेलं पूर्ण स्किड कन्व्हर्ट करायचं का?

बहुतेक वेळा नाही. स्किडच्या आतलं पाइपिंग वेंडरच्या जबाबदारीचं असेल, तर तुम्हाला हवेत फक्त जोडणीचे बिंदू: नोझलची जागा, दिशा, माप, क्लास, फेसिंग. बाकी मॉडेल संदर्भ म्हणून, क्लॅश (दोन गोष्टी एकाच जागी येणं) बघण्यापुरतं ठेवा. आतले पाइप कन्व्हर्ट केले तर ते तुमच्या मटेरियलच्या यादीत जातात आणि तेच पाइप दोनदा खरेदी होण्याची पाळी येते. जिथे जुन्या प्लांटमध्ये बदल करायचाय किंवा तुमचीच टीम स्किड नव्याने बांधणार आहे, तिथे पूर्ण कन्व्हर्जनचे श्रम सार्थकी लागतात.

## लेझर स्कॅन असेल तर?

तत्त्व तेच, फक्त सुरुवात आणखी मागून. स्कॅनमध्ये पृष्ठभागही नसतात, बिंदू असतात. त्यांच्यावर सिलिंडर बसवावा लागतो, आणि स्कॅनरला बाहेरचं क्लॅडिंगच दिसतं. जाडीसाठी प्रत्यक्ष अल्ट्रासॉनिक मापन किंवा जुने कागद शोधावेत.

## कृत्रिम बुद्धिमत्तेने हे सगळं सुटेल का?

आकार ओळखणं, नावांमधून माप काढणं, पी अँड आयडी वाचून जोड्या सुचवणं यात तिची मदत होते. पण भरीव सिलिंडरमध्ये नसलेली जाडी कुठलंही मॉडेल शोधू शकत नाही. सुचवायचं काम यंत्राने करावं, मंजुरी पाइपिंग इंजिनिअरने द्यावी.

## झालेलं कन्व्हर्जन बरोबर आहे हे कसं तपासायचं?

नवं मॉडेल मूळ मॉडेलवर ठेवून बघा. तफावत टॉलरन्सच्या आत हवी, आणि मूळ मॉडेलमधला न ओळखलेला एकही भाग बेहिशेबी राहू नये. न ओळखलेल्या भागांची यादी सगळ्यात आधी वाचा. विचित्र आणि महागडे भाग, म्हणजे स्ट्रेनर, एक्स्पान्शन बेलो, कंट्रोल व्हॉल्व्ह, बहुधा तिथेच असतात. मग फ्लँज, व्हॉल्व्ह, एल्बो यांची संख्या वेंडरच्या यादीशी ताडा. चेक व्हॉल्व्हची प्रवाहाची दिशा एकेक करून बघा, कारण आकारावरून ती बहुधा उलटीही चालून जाते.

शेवटी दोन-चार आयसोमेट्रिक छापून ज्येष्ठ पाइपिंगवाल्याच्या हातात द्या. ज्याने वर्षानुवर्षं स्पूल (कारखान्यात जुळवलेले पाइपचे तुकडे) तपासलेत त्याला न बसणारी लांबी चटकन दिसते.

## या कामात येऊ पाहणाऱ्या डिप्लोमा-डिग्रीच्या मुलांनी काय शिकावं?

सॉफ्टवेअरच्या आधी तक्ते. बी३६.१०एम (पाइप), बी१६.५ (फ्लँज), बी१६.९ (फिटिंग) या एएसएमई मानकांमधली २ ते १२ इंचीची मापं डोळ्यांखालून सतत जायला हवीत. हाताने आयसोमेट्रिक काढता यावं, पी अँड आयडी वाचता यावा. थोडं पायथन किंवा डेटाबेस येत असेल तर कामाचा वेग खूप वाढतो. कारखान्यात जाऊन एखादं स्पूल जुळवताना बघायची संधी मिळाली तर सोडू नका. रूट गॅप म्हणजे काय ते तिथे नीट कळतं.

## पुढच्या वेळी हा त्रास कमी व्हावा म्हणून वेंडरकडे काय मागावं?

परचेस ऑर्डरमध्येच लिहा. एपी २४२ स्टेप फाइल, असेंब्लीचं झाड आणि पाइपिंगच्या भागांची नावं कायम ठेवून. पाइप आतून पोकळ, खऱ्या जाडीचे. इन्सुलेशन वेगळ्या लेयरवर. फ्लँजची भोकं काढलेली. झेड अक्ष वर, उगमबिंदू ठरवून दिलेल्या फाउंडेशन बोल्टवर. सोबत नोझलचा तक्ता, लाइन नंबरसह पाइपिंगची यादी आणि पी अँड आयडीची ताजी रिव्हिजन. वेंडर स्वतः प्लांट सॉफ्टवेअर वापरत असेल तर थेट पीसीएफ मागा. मॉडेल पाठवण्याची तारीख मंजुरीच्या ड्रॉइंगबरोबरचीच ठेवा, माल रवाना होण्याच्या वेळची नको, कारण तोपर्यंत साइटवर तुमच्या बाजूचे स्पूल तयार होऊन पडलेले असतात.